आदरांजली वाहायला आलेला जामीनदार

ते प्रकरण आठवलं की मला आजही आधी आत्याबाई दिसतात, आरोपी नंतर. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दोन टोळ्यांच्या मारामारीत मधे उभा राहिलो. तरी कोणी विचारलं की साहेब, लक्षात राहिलेली एखादी केस सांगा, तर मी हीच सांगतो. बायको स्वयंपाकघरातून म्हणते, झालं, पुन्हा आत्याबाई. म्हणू दे. ह्यात रक्त नाही, पाठलाग नाही. एका घराने चांगुलपणाने एक शब्द दिला आणि त्या शब्दापायी घरातली विधवा बाई उघड्यावर येणार होती, एवढीच गोष्ट आहे. नावं कोणाचीच लिहिणार नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात आणि त्यांना चारचौघांत वावरायचं आहे.

माझ्या सेवेची ती शेवटची वर्षं. चेंबूर आणि गोवंडीच्या मधल्या एका पोलीस ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळी ठाण्यात गेलं की आधी हजेरी, मग रात्रीच्या ड्युटी ऑफिसरकडून स्टेशन डायरी समजून घ्यायची, कोठडीत कोण आहे ते पाहायचं, कोर्टात कोणाला पाठवायचं ते ठरवायचं. तेवढ्यात कुठल्या तरी बंदोबस्तासाठी माणसं मागणारा फोन येतो आणि ठरवलेलं सगळं बिघडतं. त्या सकाळीही मी फोनवर करवादत होतो आणि बाहेरून एका बाईचा चढा आवाज येत होता. आमचा तरुण उपनिरीक्षक तिला समजावत होता, मावशी, हा दिवाणी मामला आहे, तुम्ही कोर्टात जा.

हा दिवाणी शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. आमच्या खात्यात तो फार सोयीचा आहे. कोणी पैशाचं नाव काढलं की दिवाणी. भाडेकरू असो, भागीदार असो, उसनवारी असो, सगळं दिवाणी. पुष्कळदा ते खरंही असतं, म्हणून तर त्याच्याआड आळस मजेत लपतो. मी बाईंना आत बोलावलं.

सत्तरीच्या आसपासच्या, काटक, पांढरं स्वच्छ नेसलेल्या. महापालिकेच्या रुग्णालयात आया म्हणून उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसल्या, पण पाठ टेकली नाही. त्यांचा भाचा नुकताच वारला होता. भाऊ-भावजय लवकर गेल्यामुळे त्या भाच्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला त्यांनीच लहानाचं मोठं केलेलं. भाचा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत मशीनवर काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी बौद्धाचार्य म्हणून वस्तीतले विधी लावायचा. नामकरण, लग्न, अंत्यविधी, जिथे बोलावतील तिथे जायचा आणि दक्षिणा घ्यायचा नाही. लोक त्याला आचार्यच म्हणायचे, म्हणून मीही इथे तसंच म्हणतो. मशीनसमोरच छातीत कळ आली आणि जागच्या जागी संपला.

आत्याबाईंनी सांगितलं ते असं. आचार्यांचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहाराच्या हॉलमध्ये झाला. बौद्ध घरात माणूस गेल्यावर हा कार्यक्रम होतो. वंदना होते आणि मग माइकवर एकेक जण येऊन गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतो. नातेवाईक, शेजारी, कारखान्यातले सोबती, कोणीही. त्या दिवशी शेवटी शेवटी एक पांढऱ्या शर्टातला माणूस उठला आणि त्याने माइक मागितला. म्हणाला, मी आचार्यांचा जुना दोस्त, दहा वर्षं आम्ही मरोळला एका डब्यात जेवलो. मग त्याने रुमाल काढला. आचार्यांनी एका फायनान्स कंपनीकडून कर्ज घेतलं होतं, त्याला मी जामीन राहिलो, असं त्याने सांगितलं. दोस्त गेला, आता कंपनी माझ्या घरावर येईल, पण मी ह्या दुःखी कुटुंबाकडे काहीच मागायला आलेलो नाही, फक्त मन मोकळं केलं. एवढं बोलून तो डोळे पुसत खाली बसला.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कुठलं घर गप्प बसेल? आचार्यांचा धाकटा भाऊ सरकारी कचेरीत लिपिक, सरळ माणूस. तो उठला, त्याने माइक घेतला आणि सगळ्या वस्तीसमोर सांगितलं की माझ्या दादामुळे कोणाच्या घराला धक्का लागणार नाही, पै न पै आम्ही देऊ. लोकांनी अनुमोदन म्हणून साधू, साधू, साधू म्हटलं. दोन दिवसांनी तो पांढऱ्या शर्टातला माणूस घरी आला, चहा प्यायला आणि आचार्यांच्या बायकोच्या सहीचे कोरे चेक घेऊन गेला. तिच्या खात्यात आचार्यांच्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे यायचे होते. दुसरं काही नव्हतं त्या बाईजवळ. खोली भाड्याची, मुलगी कॉलेजात, स्वतः कधी नोकरी केलेली नाही. ते पैसे खात्यात पडले की हे चेक वटणार होते.

मी म्हटलं, मावशी, दिराने कबूल केलं, वहिनीने सही दिली. तुमची तक्रार काय?

"साहेब, तो माझ्या पोराचा दोस्त नव्हता. तो खोटं बोलला."

"कशावरून?"

"माइक खाली ठेवताना म्हणाला, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो."

दारात उभा असलेला आमचा उपनिरीक्षक हसला. मलाही हसू आलंच होतं, ते मी दाबलं. म्हटलं, मावशी, हे तर सगळेच म्हणतात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की रुग्णालयातल्या शिकाऊ डॉक्टरांची काय अवस्था होत असेल ते कळलं. मग त्यांनी मला नीट समजावलं. त्यांच्या धम्मात शांती देणारा देव नाही आणि मरून उरणारा आत्मा नाही. बाहेरचा माणूस भल्या मनाने बोलून जातो, कोणी वाईट वाटून घेत नाही. पण आचार्य त्यातले नव्हते. त्यांच्या कार्यक्रमात कोणी तसं बोललं की ते तिथल्या तिथे, प्रेमाने पण सविस्तर समजावायचे. एकदा एका नगरसेवकाचं भाषण मधेच थांबवून त्यांनी त्याला समजावलं होतं आणि जेवणाची पंगत खोळंबली होती. कारखान्यात तर त्यांच्या सोबत्यांना हा विषय पाठ झाला होता. डबा खायला बसले की तेच चेष्टा करायचे, आचार्य आले रे, आपापला आत्मा बाहेर ठेवून या.

"दहा वर्षं डबा खाल्ला म्हणतो," आत्याबाई म्हणाल्या. "दहा दिवस खाल्ला असता ना, तरी माझ्या पोराच्या कार्यक्रमात हे त्याच्या तोंडून निघालं नसतं."

कोर्टात ह्याची किंमत शून्य, हे मला माहीत होतं. पण गेलेल्या माणसाला जे ओळखत होते त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं, हे तपासात मी फार लवकर शिकलो होतो. घरच्या माणसाला जे खटकतं ते पुष्कळदा त्याला नीट सांगता येत नाही. इथे तर बाई मुद्देसूद सांगत होत्या. त्यांनी हे आचार्यांच्या धाकट्या भावालाही सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला होता, आत्या, बाहेरचा माणूस आहे, बोलून जातो, त्याचा दोस्त गेलाय. त्यावर आत्याबाई न भांडता सरळ ठाण्यात आल्या होत्या.

मी फायनान्स कंपनीच्या अंधेरीच्या कार्यालयात फोन लावला. आधी पत्र पाठवा, ईमेल करा, वगैरे झालं. मग मी माझा नेहमीचा आवाज लावला. त्यांच्या अधिकाऱ्याने अर्ध्या तासाने उलट फोन केला. कर्ज खरं होतं. पण जामीनदार कोणी नव्हताच, त्या प्रकारच्या कर्जाला कंपनी जामीनदार मागतच नाही. आणि ग्राहक वारला असेल तर घरी कोणालाही पाठवायचं नाही, अशी सूचना वसुलीच्या एजन्सीला दिलेली होती. एजन्सीचं नाव त्याने दिलं. बाकीची माहिती लेखी पाठवतो म्हणाला.

आता वाटलं की काम सोपं आहे. फिर्याद घ्यायची आणि कामाला लागायचं. पण फिर्याद देणार कोण? आत्याबाईंचे पैसे नव्हते, चेक त्यांचे नव्हते. मी साध्या कपड्यांत, माझ्या महिला उपनिरीक्षकाला घेऊन त्या घरी गेलो. पोलिसांची गाडी दारात उभी राहिली की दुःखातल्या घराला आणखी एक ताप होतो, म्हणून गाडी कोपऱ्यावर ठेवली.

आचार्यांचा भाऊ हात जोडून समोर आला. माझं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. तोंडी जामीन राहिला असेल म्हणाला. मी सांगितलं की कंपनी तोंडी जामीन घेत नसते. तेव्हा त्याने खरं कारण सांगितलं. त्याने सगळ्या वस्तीसमोर शब्द दिला होता. उद्या लोक म्हणतील की भावाचं देणं बुडवायला ह्यांनी पोलीस आणले. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना सदाचार शिकवला, त्याच्या माघारी त्याच्या भावाने शब्द फिरवला. तो म्हणाला, साहेब, पैसे गेले तर जाऊ देत, आम्ही काहीतरी करू. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याचा राग आला होता, पण समोर बसलेला माणूस राग काढण्यासारखा नव्हता.

घरी जाण्याआधी मी सरकारी वकील मॅडमना एक गोष्ट विचारून घेतली होती. ती मी तिथे सांगितली. भविष्य निर्वाह निधीत गेलेल्या माणसाने जिचं नाव लिहिलेलं असतं, तिच्या हातात ते पैसे पडतात ते त्याच्या कर्जातून मोकळे होऊनच. कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. आचार्यांचं देणं अगदी खरं असतं, तरी कोणी सावकार, बँक किंवा जामीनदार त्या पैशाला हात लावू शकला नसता. आणि बाकीचंही सांगितलं. नवऱ्याच्या कर्जाची फेड त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून होते. बायकोने, भावाने स्वतः जामीन दिलेला नसेल तर त्यांच्या कमाईतून ती मागता येत नाही. तो माणूस गेला म्हणून त्याची बायको कर्जदार होत नाही.

आचार्यांची बायको इतका वेळ आतल्या दाराला टेकून उभी होती. ती पुढे आली.

"भाऊजी, शब्द तुम्ही दिला," ती म्हणाली. "सही मात्र माझी घेतली."

तिने आवाज चढवला नव्हता, डोळे वर केले नव्हते. मग तिने माझ्या महिला उपनिरीक्षकाला विचारलं की ताई, फिर्याद घरी लिहून घेता की ठाण्यात यावं लागेल. आत्याबाईंनी पदर खोचला आणि चपला घातल्या. दीरही निघाला, मागे मागे, मान खाली घालून.

फिर्याद नोंदवायच्या आधी मी त्यांना बँकेत पाठवलं. तिथे आधी त्या चेकांचं पेमेंट थांबवायचा अर्ज दिला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोक ठाण्यात यायच्या घाईत बँकेत जायचं विसरतात. गुन्हा सिद्ध व्हायला वर्षं लागतात, चेक वटायला एक दिवस पुरतो. तो अर्ज दिला आणि मला पहिल्यांदा थोडा श्वास घेता आला. मग फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. आमच्या तरुण उपनिरीक्षकाने तो स्वतःच्या हाताने लिहिला. मी त्याला दिवाणी शब्दाची आठवण करून दिली नाही. त्याचे कान तसेही लाल झाले होते.

आता प्रश्न असा की कार्यक्रम कधी आहे, कुठे आहे, हे त्या माणसाला कळलं कसं? पेपरात जाहिरात दिलेली नव्हती. माझ्या महिला उपनिरीक्षकाने आचार्यांच्या बायकोला विचारलं, तुम्ही कोणाकोणाला कळवलं होतं. ती म्हणाली, ह्यांचा फोन माझ्याकडेच होता, ज्याचा फोन आला त्याला सांगितलं. गॅसवाल्याला सांगितलं, कारखान्यात सांगितलं. हप्त्यासाठी फोन करणाऱ्या मुलीलाही सांगितलं. हप्ता चुकला म्हणून तिचा फोन आला होता. तिला कळवलं की ते गेले, तर बिचारी हळहळली, कार्यक्रम कधी, कुठे, असं विचारलं. मग मीच म्हटलं, ताई, तुम्हीपण या.

मी कपाळावर हात मारला. वसुलीच्या मुलीला आमंत्रण! पण घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, त्यात काय, विचारलं तर कोणीही 'या' म्हणेल. तेही खरंच. आपल्याकडे दुःखाच्या कार्यक्रमाला कोणी विचारणा केली की आपण त्याला नाही म्हणत नाही. त्या माणसाने नेमकं हेच ओळखलं होतं.

एजन्सी घाटकोपरला एका जुन्या व्यापारी इमारतीत होती. लांबलचक खोली, ओळीने बसलेली मुलं-मुली, कानाला हेडफोन. मालक आधी फार तावातावाने बोलला. आमच्याकडे सगळं नियमाने चालतं, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना त्रास नाही, हे बघा भिंतीवर लावलंय. खरंच लावलं होतं, फ्रेम करून. मी म्हटलं, फार छान, आता मला ग्राहक मेला की तुमची मुलं काय करतात ते सांगा. तो म्हणाला, सिस्टीममध्ये 'मयत' अशी नोंद करतात आणि टीम लीडरला कळवतात, पुढचं तो बघतो.

विहारातला कार्यक्रम कोणीतरी मोबाईलवर काढलेला होता. गावाकडच्या नातेवाइकांना दाखवायचा म्हणून हल्ली काढतातच. त्यातलं त्या माणसाचं बोलणं आम्ही त्या फोन करणाऱ्या मुलीला ऐकवलं. विशीतली पोर, घाबरून पांढरी पडली होती. दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाली, हे तर आमचे सर आहेत. सर म्हणजे टीम लीडर. तो त्या दिवशी फील्डवर गेला होता. मालकाने खुर्चीत बसून पंखा मोठा करायला सांगितला.

अशा गुन्ह्यात उचलून आणायचं नसतं, आधी नोटीस देऊन बोलवायचं असतं. नोटीस दिली आणि तेवढ्यात माणूस पाठवून मरोळच्या कारखान्यातल्या सोबत्यांचे जबाबही घेतले. दुसऱ्या दिवशी सर वकिलाला घेऊन हजर. गुळगुळीत दाढी, शर्ट पांढराच. वकील दाराजवळच्या खुर्चीवर बसला आणि मी विचारपूस सुरू केली. गडी कच्चा नव्हता. हो, मी बोललो, माझाच आवाज आहे. आचार्य माझे मित्र होते. कामानिमित्त ओळख झाली, मैत्री वाढली. जामीन कागदावर नव्हता, मनाचा होता. घरच्यांनी स्वखुशीने चेक दिले, मी मागितलेसुद्धा नाहीत. आणि शेवटी माझ्याकडे पाहून नम्रपणे म्हणाला, साहेब, हे फार तर दिवाणी होईल.

माझा पारा चढला होता, कबूल करतो. पण मी नोकरीत एक पथ्य पाळलं, संशयिताने चिडवलं की उठून बाहेर जायचं. बाहेर गेलो तर आत्याबाई बाकावर बसलेल्या. पुरवणी जबाब द्यायला आल्या होत्या. त्यांना पाहिलं आणि माझ्या मनात आलं, ह्या माणसाच्या मैत्रीची परीक्षा घ्यायला ह्यांच्याइतकं योग्य कोण आहे? वकिलाला विचारलं, आचार्यांच्या आत्या एक प्रश्न विचारणार आहेत, हरकत आहे का? तो म्हणाला, विचारू दे, माझा पक्षकार मित्रच होता.

आत्याबाई आत आल्या. तो उठून वाकला, त्यांचे पाय धरायला गेला. त्या मागे सरकल्या.

"बस, बाळा," त्या म्हणाल्या. "तू माझ्या पोराला जवळून ओळखत होतास ना? मग एवढंच सांग. त्याच्यासमोर कोणी म्हटलं, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो, तर तो काय करायचा?"

त्याने क्षणभरही विचार केला नाही. त्याचा चेहरा हळवा झाला. "हात जोडायचे, मावशी," तो म्हणाला. "डोळे मिटून हात जोडायचे. फार श्रद्धाळू माणूस."

माझी महिला उपनिरीक्षक तोंडाला रुमाल लावून भिंतीकडे वळली. मी टेबलावर हात आपटला आणि मोठ्याने हसलो, इतक्या वर्षांत चौकशीच्या खोलीत मी पहिल्यांदाच हसलो असेन. वकील बावचळून इकडेतिकडे पाहत होता. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एकदा त्या माणसाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, माझं पोर तुला समोर बसवून तासन्‌तास समजावून सांगत बसलं असतं, तीच शिक्षा झाली असती, तुला कोर्टाची वाट बघायची पाळीच आली नसती. आणि बाहेर निघून गेल्या.

मी त्याला शांतपणे समजावलं की तू काय बोललास आणि त्याचा अर्थ काय होतो. कारखान्यातल्या सगळ्या सोबत्यांचे जबाब माझ्याकडे आहेत आणि त्यातल्या एकानेही तुला पाहिलेलं नाही. कंपनीचं पत्र आहे की जामीनदार नव्हता. तुझ्या हाताखालची मुलगी जबाब द्यायला तयार आहे. वकिलाने दहा मिनिटं मागितली. ते दोघं बोलले आणि परत येऊन तो माणूस सगळं सांगायला लागला. पंचांसमक्ष त्याच्या घराची झडती घेतली तेव्हा आचार्यांच्या बायकोच्या सहीचे चेक कपाटातून जसेच्या तसे मिळाले. त्यांच्यासोबत आणखी काही घरांतले मिळाले.

त्याची पद्धत साधी होती. 'मयत' अशी नोंद झाली की तो ती घरं स्वतःसाठी बाजूला काढायचा. कंपनी त्या घरांकडे जाणारच नव्हती, त्यामुळे विचारणारं कोणी नव्हतं. मुलुंडला दहाव्याला गेला, चेंबूरला तेराव्याला गेला, कुठे नुसता भेटायला गेला. भाषण सगळीकडे तेच. इतर घरांत शेवटचं वाक्य चालून गेलं होतं, म्हणून ते बदलायचं त्याच्या मनात आलं नाही. मी त्याला विचारलं, तुमच्या धंद्यात धमक्या देतात असं ऐकलं होतं, तू हे रडायचं कुठे शिकलास? त्याने दिलेलं उत्तर मी विसरलेलो नाही. "धमकी दिली की लोक भांडतात, साहेब. रडलं की देतात."

पुढचं काम मला वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं. बाकीची घरं तक्रार द्यायला तयारच होईनात. मुलुंडला एक निवृत्त गृहस्थ होते, मुलगा गेलेला. त्यांनी एफडी मोडून त्याला पैसे दिले होते. ते म्हणाले, माझ्या मुलाच्या नावाची ठाण्यात चर्चा नको. मी कायदा सांगितला, त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं. पोलिसाने सांगितलेला कायदा लोकांना कायदा वाटत नाही, भानगड वाटते. आमची महिला उपनिरीक्षक दोनदा जाऊन आली. शेवटी आचार्यांचा भाऊ आपणहून ठाण्यात आला. म्हणाला, साहेब, मी जाऊ का त्यांच्याकडे?

मी हो म्हटलं. तो कचेरी सुटल्यावर मुलुंडला गेला आणि त्या गृहस्थांसमोर बसला. तिथे काय बोलला ते मला नंतर त्या गृहस्थांनीच सांगितलं. तो म्हणाला होता, काका, मीसुद्धा सगळ्यांसमोर शब्द दिला होता. पण शब्द खऱ्या माणसाला द्यायचा असतो. खोट्याला दिलेला परत घेतला तर त्यात आपल्या माणसाची बदनामी नाही, त्या खोट्याची आहे. गृहस्थ दुसऱ्या दिवशी कोट घालून फिर्याद द्यायला आले. मग एकेक घर आलं. भाऊ प्रत्येक घरी गेला. मला त्याचा आधी राग आला होता, पण ह्या माणसाने त्या दिवसांत आमच्या दोन अंमलदारांचं काम केलं, तेही स्वतःच्या खर्चाने.

दोषारोपपत्र गेलं, खटला चालू आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. काही घरांचे पैसे कोर्टाच्या आदेशाने परत मिळाले, काहींचे मिळतील. एजन्सीचं काम कंपनीने काढून घेतलं. आणि आचार्यांच्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे त्यांच्या बायकोच्या खात्यात आले ते पूर्ण, एकही चेक त्यावर पडला नाही.

ह्या प्रकरणाने मला काय शिकवलं? आम्ही पोलीस म्हणत असतो की माणूस लोभापायी फसतो. निम्मं खरं आहे. पुष्कळ माणसं चांगुलपणापायी फसतात आणि ती तक्रारही देत नाहीत, कारण आपण फसलो असं त्यांना वाटतच नाही, आपण कर्तव्य केलं असं वाटतं. म्हणून आता सोसायटीत, नात्यात कोणी गेलं की मी त्या घरच्यांना बाजूला घेऊन सांगतो. कोणी देणं सांगत आला तर त्याला पाणी द्या, बसवा, नाव लिहून घ्या आणि सांगा की चार दिवसांनी या. वसुलीचा माणूस असेल तर त्याच्याकडे कंपनीचं ओळखपत्र आणि अधिकारपत्र असलंच पाहिजे, ते बघा. स्वतः कंपनीत फोन करा. ऐकलं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट जाता येतं. आणि सही तर त्या दिवशी कशावरच करू नका. खरा माणूस चार दिवस थांबतो, खोट्याला थांबायला जमत नाही. बायको म्हणते, तुम्ही सांत्वनाला जाता की बंदोबस्ताला. असो.

एक शेवटचं. गुन्हा उघड झाल्यावर काही आठवड्यांनी फायनान्स कंपनीचं लेखी उत्तर आलं. आचार्यांच्या कर्जाला विमा होता, कर्ज देतानाच त्याचे पैसे कापून घेतले होते. विमा कंपनीने रक्कम भरली आणि कर्ज बंद झालं. हे असं पुष्कळ कर्जांना असतं आणि घरच्यांना पत्ता नसतो. मी आचार्यांच्या बायकोला बोलावून घेतलं. आत्याबाई सोबत होत्या. पैसे सुरक्षित आहेत हे तिला आधीच माहीत होतं, त्यामुळे माझ्या दृष्टीने ही नुसती पूर्तता होती. मी सांगत गेलो, ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "म्हणजे ह्यांच्यावर आता कोणाचंच काही नाही?"

"कोणाचंच नाही," मी म्हणालो.

"पोलिसांनी माफ केलं म्हणून नाही ना? खरंच फिटलं?"

"खरंच फिटलं. त्यांनीच भरलेल्या पैशातून फिटलं."

ती रडायला लागली. आवाज न करता, बराच वेळ. आत्याबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, साहेब, ही पोर त्या दिवसापासून अर्ध्या पोटी उठायची. म्हणायची, माणसाचं देणं डोक्यावर असताना घास उतरत नाही. तेव्हा मला समजलं की आम्ही इतके दिवस तिचे पैसे वाचवत होतो आणि ती वाट बघत होती ती नवऱ्याचं नाव मोकळं व्हायची. कायदा दोन्ही करू शकतो. फक्त कोणीतरी येऊन ते तिला सांगायला हवं होतं.

तिने डोळे पुसले, आत्याबाईंना म्हणाली, चला आत्या, घरी जाऊन आज नीट जेवू. आणि दोघी निघाल्या.